राजा आधी रडला की नंतर

फारसीच्या सरांनी सख्ख्या धाकट्या भावाशी बोलणं टाकलं, ते एका राजावरून. तो राजा खरा कधी होता की नाही हेसुद्धा कोणाला सांगता येणार नाही. एका जुन्या फारसी महाकाव्यातला राजा तो. हे ऐकून लोक आधी हसत आणि मग हळूच विचारत, "म्हणजे झालं तरी काय?"

सरांची बायको त्यावर म्हणे, "ते त्या राजालाच विचारा. आमच्या घरात सगळं त्याच्याच सल्ल्यानं चालतं."

सर शाळेत फारसी शिकवत. पुढे फारसी घेणारी मुलं आटत गेली, विषय बंद झाला, आणि शाळेनं सरांना निवृत्तीपर्यंत भूगोलाच्या तासाला लावलं. सरांनी तक्रार केली नाही. पठारं, नद्या, वाऱ्यांच्या दिशा मुकाट्यानं शिकवल्या. निवृत्त झाल्यावर मात्र वाचनालयानं त्यांना दर गुरुवारी दुपारी मागची खोली दिली, आणि सरांच्या अंगात जणू नवं वारं शिरलं. खोलीत एक लांब टेबल होतं आणि एकीचा दुसरीशी मेळ नसलेल्या खुर्च्या. पंखा इतका कुरकुरायचा, की महत्त्वाचं वाक्य आलं की सर तो बंद करायला सांगत. त्यामुळे पंखा थांबला की ऐकणारे आपोआप सरसावून बसत. आता काहीतरी येणार, हे त्यांना कळायचं.

वाचनालयात त्या काव्याची एकच जुनी, हातानं लिहिलेली प्रत होती, उशीसारखी जाड. सर तिच्यातून दोन ओळी मोठ्यानं फारसीत वाचत, मग त्यांचा अर्थ सांगत, आणि मग पुस्तक मिटून राजाविषयी बोलत. राजाच्या लढाया, मुलूख, हत्ती-घोडे यात त्यांना रस नव्हता. त्यांना रस होता राजाच्या मनात. "सिंहासनावर बसलेल्या राजाकडे बघू नका," ते म्हणत. "तिथे सगळे सारखेच दिसतात. तो पायऱ्या उतरताना बघा. कोणाचा हात धरतो, कोणाचा टाळतो, उतरताना मागे वळून बघतो का, ते बघा."

राजांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. एक होता रुसका राजा. दरबारात स्तुती जरा कमी पडली की हा शिकारीला निघून जायचा, आणि कोणी बोलवायला येईपर्यंत जंगलात बसून राहायचा. सर म्हणत, "लहानपणी याला कोणी शोधायला गेलं नव्हतं. म्हणून हा जन्मभर हरवून दाखवतो." दुसरा घाईचा राजा. वजीराचं बोलणं अर्धं झालं की याचा निकाल तयार. लोक त्याला शूर म्हणायचे, सर त्याला भित्रा म्हणायचे. "उरलेलं अर्धं ऐकण्याची त्याला भीती वाटते," ते सांगत. ऐकणारे माना हलवत. घरी जाऊन आपापल्या सासऱ्यांना, साहेबांना आणि व्याह्यांना त्या मापात घालून बघत. गावात कोणी तडकाफडकी उठून गेलं की लोक म्हणायचे, "निघाले शिकारीला!"

पण सरांचा लाडका होता तिसरा, उचल घेणारा राजा. या राजाला एक धाकटा भाऊ होता. दोघांचं दरबारात वाजलं. मग एका सकाळी राजा बागेत एकटाच गेला, मुकुट काढून गवतावर ठेवला आणि एका घोड्याच्या मानेवर डोकं टेकून खूप रडला. का रडला, ते कवीनं सांगितलेलं नाही. पुढच्याच पानावर राजा भावाला बर्फातल्या खिंडीतला किल्ला राखायला धाडतो. शत्रू वेढा घालतो, निरोपांवर निरोप येतात, पण राजा मदत पाठवत नाही. भाऊ तिकडेच संपतो.

इथे सर पंखा बंद करायला सांगत.

"बघा," ते म्हणत, "हा आधी रडून घेतो. नोकर पगाराची उचल घेतो ना, तशी यानं पश्चात्तापाची उचल घेतली. दुःख आगाऊ करून झालं, आता वाईट करायला मन मोकळं! आणि रडणं आणि किल्ला यांच्यामध्ये कवीनं एक अक्षर लिहिलेलं नाही. एकदम उडी. या उडीतच सगळी प्रतिभा आहे."

एकदा ऐकायला आलेल्या कॉलेजातल्या एका मुलीनं भीत भीत सांगितलं होतं, "सर, मी जी छापील प्रत वाचली, तिच्यात राजा नंतर रडतो."

"नंतर सगळेच रडतात," सर हसून म्हणाले. "त्यात कसलं आलंय काव्य? छापणाऱ्यांनी सोपं करून टाकलंय."

लोक हसले. मुलीनं वही मिटली.

आता भावाचं. धाकटा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. छपरावर पाटी लावलेली गाडी, शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक आणि याच्याही पायाशी एक जास्तीचा ब्रेक. आई त्याच्याकडे असायची. सरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आईला जिना जमत नाही हे सगळ्यांनी इतक्या वर्षांपूर्वी मान्य करून टाकलं होतं, की पुन्हा तो विषय निघालाच नाही. शेवटी शेवटी आईला विसर पडायला लागला. गॅस उघडा राहायचा. दार उघडून ती बाहेर जायची आणि भलत्याच बसथांब्यावर सापडायची. धाकटा आणि त्याची बायको दोघंही दिवसभर गाडीवर.

एका सकाळी धाकटा अचानक सरांकडे आला. सर स्वयंपाकघरातल्या टेबलावर गुरुवारची तयारी करत होते. धाकटा समोरच्या खुर्चीत बसला, आणि काही न बोलता रडायला लागला. चांगला धिप्पाड माणूस, पण लहान पोरासारखा हुंदके देत होता. सरांना रडणाऱ्या माणसाजवळ काय करायचं असतं ते कधी कळलं नव्हतं. त्यांनी पाणी दिलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याला राजाची आणि घोड्याची गोष्ट सांगितली. धाकट्यानं ऐकून घेतली, तोंड धुतलं, चहा घेतला आणि गेला. पुढच्या आठवड्यात कळलं, की त्यानं आईला वृद्धाश्रमात ठेवलं.

सर त्या दिवशी जेवले नाहीत. बायकोला एवढंच म्हणाले, "उचल घेऊन गेला."

एवढ्यावर राहिलं असतं तर राहिलं असतं. पण त्याच महिन्यात गुरुवारी बोलता बोलता सरांची जीभ घसरली. पंखा बंद होता. "असे राजे काव्यातच असतात असं नाही," ते म्हणाले. "दुसऱ्यांना ब्रेक लावायला शिकवणारा एखादा माणूसही आधी भावाकडे येऊन रडतो, आणि मग आईला बाहेर ठेवून येतो."

दुसऱ्या ओळीत धाकट्याच्या बायकोची मावशी बसलेली होती. मावशी वाईट नव्हती. तिच्या पोटात गोष्ट राहायची नाही, इतकंच. ती थेट भाचीकडे गेली. धाकट्यानं यायचं बंद केलं. सरांनी, तो येत नाही यातच सगळं आलं असं धरून, बोलायचं बंद केलं. पुढे आई वृद्धाश्रमातच वारली. त्या दिवशी दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे होते, आणि एकमेकांशी जे काही बोलायचं ते तिसऱ्याच माणसाकडे बघून बोलले. त्यानंतर तेही नाही.

अशी वर्षं गेली. मग एका पावसाळ्यानंतर त्या जाड प्रतीची पाठ फाटली आणि वाचनालयानं ती बाइंडिंगला दिली. बाइंडिंगवाली बाई जुनी, कामाची पक्की. चष्मा कपाळावर आणि बोटांना कायम खळ. तिनं सरांना बोलावून घेतलं.

"सर, शिवण इतकी कुजली होती, की हात लावताच सगळे फॉर्म, म्हणजे पानांचे गठ्ठे, सुटे झाले," ती म्हणाली. "ही तुमची लिपी उलट्या बाजूनं चालणारी. पानांवर आकडे होते, ते आधीच्या बाइंडरनं कडा कापताना उडवले. मला यातलं सुलट काय नि उलट काय कळत नाही. तुम्ही लावून द्या, मी शिवून देते."

सर खुर्ची ओढून बसले. काम त्यांना आवडलं. त्या प्रतीत प्रत्येक पानाच्या तळाशी कोपऱ्यात एक छोटा तिरका शब्द असायचा, पुढच्या पानाचा पहिला शब्द. आकडे नसले तरी त्या शब्दावरून पानामागे पान लावता येतं. सर शब्द बघत, पुढचा गठ्ठा शोधत आणि वर ठेवत. बाई दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला पुठ्ठा चिकटवत होती. बाहेर कोणीतरी सायकल दुरुस्त करत होतं.

मग लाडक्या राजाची पानं आली. दरबारातल्या भांडणाचं पान सरांनी हातात घेतलं. तळाशी शब्द होता, बर्फ. आजवरच्या बांधणीतलं पुढचं पान, रडण्याचं, सुरू होत होतं 'बाग' या शब्दानं.

हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं नव्हतं. दर वर्षी पाहिलं होतं. दर वर्षी मनाशी म्हटलं होतं, लिहिणाऱ्याला डुलकी लागली असेल. पण आज पानं सुटी होती. सरांनी बर्फाचं पान शोधलं आणि भांडणाच्या पानापुढे ठेवून पाहिलं. चपखल बसलं. वाक्य अर्धं तुटलं होतं, ते पुरं झालं. किल्ला, वेढा, निरोप, भावाचं मरण. त्या गठ्ठ्याच्या शेवटच्या पानाच्या तळाशी शब्द होता, बाग.

म्हणजे राजानं आधी भावाला मरू दिलं. मग एका सकाळी तो बागेत गेला, आणि तिथे घोडा उभा होता. पाठीवर कोणी नसलेला. कवीनं सांगितलं नव्हतं असं नाही. घोड्याच्या आयाळीत बर्फ अडकलेलं होतं, ही ओळ सरांना पाठ होती. ते सांगत आले होते, की बर्फ म्हणजे राजाच्या मनातला गारवा.

"सर, चहा गार झाला," बाई म्हणाली. "चुकलंय का काही?"

"चुकलंय," सर म्हणाले. "बांधणाऱ्याचं." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि वाचणाऱ्याचं."

"होतं असं," बाई म्हणाली. "आता लावलीत ना नीट? मग शिवते."

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत ऐकत होती.

"म्हणजे तुमचा राजा साधाच निघाला," ती म्हणाली. "केलं, आणि मग रडला."

"हो."

"मग आता?"

"आता गुरुवारी लोकांना सांगावं लागेल."

"लोकांचं नाही विचारत मी. भावाचं विचारतेय."

"त्याचं तसंच आहे," सर म्हणाले. "राजाची पानं चुकली होती. हा तर आधीच रडून गेला होता. मी डोळ्यांनी पाहिलंय."

बायकोनं सुरी खाली ठेवली. "त्याची पानं कोणी लावली होती हो?"

सर उठून गॅलरीत गेले.  आतून तिचा आवाज आला, "शिकारीला गेलात की काय?" त्यावरही ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ड्रायव्हिंग स्कूलपाशी जाऊन उभे राहिले. आत जायचा धीर होईना. तेवढ्यात पाटीवाली गाडी गचके खात आली आणि बरोबर त्यांच्यासमोर थांबली, म्हणजे धाकट्यानं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. स्टिअरिंगवर दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. रोज दुसऱ्यांना 'घाबरू नका' सांगणाऱ्या त्या बाईंच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"दादा?" धाकट्यानं काच खाली केली. "काय झालं? वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे. जरा बोलायचं होतं."

"तास चालू आहे. बस मागे. बाई, तुमची हरकत नाही ना?"

"माझी कसली हरकत?" बाई म्हणाल्या. "एखादा साक्षीदार असलेला बरा."

गाडी निघाली. सर पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले. केस किती पिकले याचे, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं.

"तू त्या दिवशी का रडलास?" त्यांनी विचारलं.

"कधी?... बाई, आधी आरसा, मग वळा."

"आमच्याकडे. स्वयंपाकघरात."

डॉक्टरीणबाईंनी मान वळवून धाकट्याकडे पाहिलं. "रस्त्याकडे बघा," तो त्यांना म्हणाला. मग म्हणाला, "आता विचारतोयस हे?"

"हो. आधीच विचारायला हवं होतं."

"सकाळी आईला सांगितलं होतं मी. म्हटलं, आई, तुला तिकडे ठेवायचं ठरवलंय. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, निदान शिव्या देईल. तिनं विचारलं, खिडकी आहे का तिथे? म्हटलं, आहे. तर म्हणाली, मग ठीक आहे. आणि माझ्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, ते लावलं." त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. "तिथून सरळ तुझ्याकडे आलो."

गाडी बंद पडली. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते, डोळे समोर. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तरी कोणी हललं नाही.

"म्हणजे सगळं ठरून गेलं होतं," सर म्हणाले.

"ठरून, सांगून झालं होतं. तिकडची खोली रिकामी व्हायला आठवडा लागला, एवढंच. तेच सांगायला आलो होतो तुला. तू मला घोड्याची गोष्ट सांगितलीस." तो बाईंकडे वळला. "क्लच दाबा. हळू. हां, आता चालू करा."

गाडी पुन्हा निघाली. एक वळण गेलं.

"मी एकदा तरी म्हणायला हवं होतं," सर म्हणाले, "की आईला आमच्याकडे आणू."

"हवं होतं. पण तुझा जिना मला माहीत होता. ते नाही मनात धरलं मी." धाकट्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "धरलं ते दुसरंच. तू मला त्या खोलीत लोकांसमोर वाचलंस. पंखा बंद करून."

"नाव नव्हतं घेतलं."

"दादा, गावात ब्रेक शिकवणारे किती जण आहेत?"

 "चुकलं माझं," सर म्हणाले. पण सीटच्या पाठीला म्हणाले, आणि इतकं हळू, की डॉक्टरीणबाईंनीच ते पुढे पोचवलं. "ते म्हणतायत, चुकलं."

"ऐकलं मी," धाकटा म्हणाला.

"मग आता मी काय करू?"

"मला काय विचारतोस? जिथे वाचलंस तिथे परत वाच." गाडी सरांच्या घराच्या कोपऱ्यावर आली होती. धाकट्यानं ब्रेक दाबला. "उतरताना आधी मागे बघ, मग दार उघड."

हे तो सगळ्यांनाच सांगायचा. तरी सरांनी आधी मागे पाहिलं, मग दार उघडलं.

गुरुवारी खोली भरलेली होती. नवी शिवण घातलेली प्रत टेबलावर होती, अजून खळीचा वास येत होता. सरांनी पंखा बंद करायला सांगितला. लोक सरसावले.

"उचल घेणारा राजा असा कोणी नव्हता," सर म्हणाले. "ते पुस्तक चुकीचं बांधलेलं होतं. पण शब्द पानाच्या तळाशी दिसत होता, आणि एका मुलीनं मला तोंडावर सांगितलंही होतं. मला माझी कल्पना आवडली होती, म्हणून मी ऐकलं नाही." मग त्यांनी पानं बरोबर क्रमानं वाचली. बर्फ, मग बाग, मग तो रिकामा घोडा.

लोक जरा हिरमुसले. मागून एक जण म्हणाला, "सर, आधीचाच राजा बरा होता. याच्यात काय, असं तर कोणीही करेल."

"हो," सर म्हणाले. "कोणीही. म्हणून तर मला तो ओळखू आला नाही." ते घोटभर पाणी प्यायले. "आणि राजावरून मी एका माणसाविषयी इथेच एक वाक्य बोललो होतो. तेही चुकीचं होतं. तो कधी रडला ते मी पाहिलं, पण त्या सकाळी त्याच्या घरात काय झालं होतं ते विचारलं नाही. ते वाक्य मी परत घेतो."

 सरांनी दुसऱ्या ओळीकडे पाहिलं.

"मावशी, हे तुमच्या भाचीला सांगाल?"

"सांगते की," मावशी पदर सावरत उठलीच. "तेव्हाही मीच सांगितलं होतं. आत्ताच जाते."

संध्याकाळी सरांकडे फोन वाजला. बायकोनं घेतला, ऐकला, आणि सरांच्या हातात दिला.

"दादा, मावशी येऊन गेल्या," धाकटा म्हणाला.

"सांगितलं त्यांनी?"

"सगळं सांगितलं. तू काय म्हणालास, कसं म्हणालास, पाणी कधी प्यायलास, सगळं. पण राजाची त्यांनी पार खिचडी केली. घोड्याचं काहीच कळलं नाही." तो थांबला. "तू तेव्हा सांगत होतास ना, तेव्हा माझं लक्ष नव्हतं. तो घोडा कोणाचा होता?"

सर खुर्चीत बसले. फोन त्यांनी दुसऱ्या कानाला लावला.

"भावाचा," ते म्हणाले. "किल्ल्यावरून एकटाच परत आला होता. रस्ता त्याला माहीत होता."

पलीकडून काही आवाज आला नाही. सरांनीही घाई केली नाही. पुढे काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं, आणि या खेपेला त्यांनी काही सुचवूनही घेतलं नाही.

"रविवारी शिकवण्या नसतात," शेवटी धाकटा म्हणाला. "गाडी घेऊन येतो. वहिनीला सांग, दोघंही तयार राहा."